मॅग्नेटचा फासा

गेल्या दिवाळीआधी ठाण्याच्या नौपाड्यात तीन दिवसांचं प्रदर्शन होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, सत्तरीच्या एक काकू माझ्या स्टॉलवर आल्या. पोवळ्याच्या रंगाच्या काचमण्यांची माळ उचलून त्यांनी गळ्याशी धरली आणि परत ठेवली.

"माळ गोड आहे गं, पण फासा लावता येत नाही मला. सून सकाळी सातला कामाला निघते, रोज कुणाला हाक मारू?"

संधिवातामुळे त्यांच्या बोटांचे सांधे फुगले होते. त्या माळेच्या फाशाची, म्हणजे लॉबस्टर हूकची, ती बारीक कळ नखाने मागे सारून धरावी लागते, तीही मानेमागे, न बघता. मी चटकन मॅग्नेटचा फासा असलेली माळ काढली. टोकं जवळ नेली की टक् करून चिकटतात. काकूंनी तीनदा लावून पाहिली, तिन्ही वेळा जमली. चेहरा असा खुलला त्यांचा! मी ती पिशवीत घालत होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "उद्या पेसमेकरच्या तपासणीला जायचंय, हीच घालून जाते."

माझा हात तिथेच थांबला. माझ्या बाबांना पेसमेकर बसवला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, लोहचुंबक निदान 6 इंच लांब ठेवायचं. जोरदार चुंबक अगदी जवळ आलं तर पेसमेकर हृदयाच्या स्वतःच्या ठोक्यांकडे न बघता ठरावीक गतीने चालू लागतो. चुंबक दूर केलं की पूर्ववत होतो. फासा तर मानेमागे असतो, असं वाटेल. पण माळ दिवसभरात फिरते, फासा घसरत पुढे गळपट्टीच्या हाडाशी येतो, आणि पेसमेकर बहुधा त्याच हाडाखाली बसवलेला असतो. तेवढासा फासा, पण माझ्या डब्यातल्या सगळ्या सुया गोळा करतो. हे सारं ठाऊक असून मी वर्षभर या माळा विकल्या होत्या आणि एकीलाही विचारलं नव्हतं.

काकूंना खरं ते सांगितलं, पैसे परत केले. "म्हणजे नाहीच का गं?" त्या म्हणाल्या. तो आवाज मला घरी जाऊ देईना.

टेपने काकूंच्या डोक्याचा घेर घेतला, 22 इंच. वर त्यांचा अंबाडा. म्हणून 28 इंचांची, फासाच नसलेली, सरळ डोक्यातून घालायची माळ ठरवली. इलॅस्टिक मी वापरत नाही, ते कालांतराने सैल पडतं. 11 नंबरचे मणी इंचाला साधारण 18 बसतात (नंबर वाढतो तसा मणी बारीक होतो), म्हणजे 500च्या वर मणी. त्या रात्री नायलॉनचा धागा सगळ्या मण्यांतून दोनदा ओवला, गाठ मारली आणि उरलेली टोकं मागच्या मण्यांतून फिरवून आत दडवली. गाठ कुठे आहे ते मलाही बोटाने सापडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तपासणीहून परतताना काकू आल्या. दोन्ही तळव्यांत धरून त्यांनी माळ डोक्यातून घातली, अंबाड्यावरून अलगद उतरवली आणि पदर सारखा केला.

प्रदर्शन आवरल्यावर मी वही उघडली. मॅग्नेटच्या माळा घेतलेल्या 14 जणींचे नंबर होते. एकेकीला फोन लावला. दोघींनी उचलला नाही. त्यातल्या एकीचा पत्ता खारेगावचा होता, तिच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन आले.