तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिएन्नाला जाऊन नुसते कॅफेत काय बसता?

"दोनदा व्हिएन्नाला जाऊन आलात आणि फोटो बघावेत तर सगळे कॉफीचेच, राजवाडे बिजवाडे बघितलेत की नाही?" हे मला अख्ख्या सोसायटीने विचारून झालंय. बघितले हो, शोनब्रुनमध्ये पाय दुखेपर्यंत फिरलो, पण त्यातली एक खोली आता नीट आठवत असेल तर शपथ!

पहिल्याच दिवशी गंमत झाली. एका कोपऱ्यावरच्या कॅफेत बसलो, कॉफी संपली, मी पाकीट हातात घेऊन तयार आणि बिल काही येईना. बायको म्हणते, अहो हा विसरला वाटतं, आणि तो वेटर आला तो पाण्याचा नवा ग्लास ठेवून गेला, न मागता. चाळीस मिनिटांनी कळलं की तिथे "त्साहलेन बिट्टे" म्हटल्याशिवाय बिल आणतच नाहीत, आणणं म्हणजे गिऱ्हाइकाला उठवल्यासारखं. तिथली ही कॅफे संस्कृती २०११ पासून ऑस्ट्रियाच्या युनेस्को वारसा यादीत आहे आणि तिच्या वर्णनातच आहे की वापरायचा वेळ आणि जागा, बिलात मात्र फक्त कॉफी. मग काय, आम्ही दुसऱ्या दिवसापासून बसलोच!

एक लाडकं कॅफे श्पेर्ल, १८८० चं. आत बिलियर्डची टेबलं, त्यातल्या एकावर वर्तमानपत्रांचा ढीग. मेलांज (दुधाची फेसाळ कॉफी) मागवली की छोट्या चकचकीत ट्रेमध्ये कप, शेजारी पाण्याचा ग्लास आणि ग्लासवर चमचा पालथा ठेवलेला. व्हिएन्नातल्या जुन्या कॅफेंत त्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या दिसतात ना, त्या बघून एकदम आपला इराणी आठवतो. हे डिझाइन तिथल्याच थोनेट नावाच्या फर्निचरवाल्याचं, १८५९ चं. फक्त इराण्याकडे "जास्त वेळ बसू नये" ची पाटी असायची, इथे उलटा कारभार.

कॅफे सेंट्रलला (१८७६) एकदा जाऊन या, रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्की तिथे बुद्धिबळ खेळायचा आणि पीटर आल्टेनबर्ग नावाचा लेखक तर स्वतःचा पत्ता म्हणून कॅफेचाच पत्ता द्यायचा, दाराजवळ त्याचा पुतळा बसलाय. पण आमचा जीव हावेल्कात. लिओपोल्ड आणि योझेफिना हावेल्का या नवरा-बायकोने १९३९ ला सुरू केलेलं, अंधारं, भिंतींवर पोस्टरं. रात्री आठनंतर तिथे बुख्टेल मिळतात, आत प्लमचा जॅम भरलेले गरमागरम गोड पाव, रेसिपी योझेफिना आजींची. चार घेतले, दोन तिथेच संपवले, उरलेले बायकोने टिश्यूत बांधून पर्समध्ये टाकले आणि पिठीसाखर पासपोर्टला लागली ती अजून पान उलटलं की हाताला चिकटते.