ठकीला इथे करमत नव्हते

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही सेलू तालुक्यातील माळवदाचे जुने घर सोडून परभणीत दुसऱ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा आमची नऊ वर्षांची मांजर ठकी हिला ज्वारीच्या रिकाम्या पोत्यात घालून टेम्पोतून आणले. मांजराला वाट दिसली तर ते परत जुन्या घरी जाते, अशी आमच्याकडची समजूत आहे आणि ती अगदीच निराधारही नाही; पण रणरणत्या उन्हात तासभर पोत्यात कोंडलेल्या जिवाचे काय होत असेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही, हे आधीच कबूल करतो. त्यातच दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती. होमाचा धूर, पन्नासेक माणसांची पंगत, भांड्यांचा खणखणाट, आणि ठकी कपाटामागच्या वीतभर फटीत.

पहिले दोन-तीन दिवस आम्ही ते मनावर घेतले नाही. आठवड्यानंतर मात्र आई म्हणाली, "तिला इथं करमंना." मला वाटते, त्या सगळ्या काळात कोणी केलेले हेच सर्वांत अचूक निदान होते. शेजारच्या एका मुलाने मोबाइलवर वाचून मांजराला डिप्रेशन आल्याचे सांगितले होते. परंतु ‘करमत नाही’ या शब्दांत जागा, सोबत आणि दिनक्रम हे तिन्ही तुटल्याची जी जाणीव आहे, ती त्या शब्दात नाही.

अडचण अशी की उदास मांजर ओळखणे वाटते तितके सोपे नसते. ती खूप झोपते, हे लक्षण म्हणून फारसे उपयोगाचे नाही, कारण निरोगी मांजरसुद्धा दिवसाचे बारा ते सोळा तास झोपते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर दुपारी माणसेही दुसरे काही करत नाहीत. पाहायचे ते हे, की तिच्या स्वतःच्या सवयींत काय बदलले. ठकी गावी दुपारी ओसरीवर कुशीवर पसरून, पाय ताणून झोपायची; इथे ती चारही पाय पोटाखाली घेऊन, डोके खांद्यांपेक्षा खाली घालून, डोळे अर्धवट मिटून बसत असे, आणि ती झोप नव्हती. आईने ताटाला वाटी लावली की येणारी ती, आता हाक मारली तरी फक्त कान वळवायची. अंगावरचे केस पाठीकडे गुंतून राठ झाले होते, म्हणजे ती पाठ चाटत नव्हती; उलट पोटाखालचा भाग मात्र इतका चाटायची की तेथे तळहाताएवढी जागा उघडी पडली. मग एके सकाळी तिने आईच्या गोधडीवर लघवी केली. बायको चिडली, आईने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, आणि ठकी सूड उगवते आहे असे मी ठरवून टाकले.

त्याच दिवशी माझ्या हातून आणखी एक मोठी चूक होता होता राहिली. तिचे अंग गरम लागले म्हणून मी पॅरासिटामोलची अर्धी गोळी दुधात कालवली होती, ती तिने हुंगूनही पाहिली नाही, हे तिचे नशीब. मांजराच्या शरीरात ही गोळी पचवण्याची यंत्रणा फार दुबळी असते, त्यामुळे एवढ्याशा मात्रेनेही रक्तातील तांबड्या पेशी निकामी होऊन ते दगावू शकते. शिवाय मांजराचे नेहमीचे तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. आपल्या हाताला ते गरम लागणारच.

परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय असूनही मी तोवर तिकडे फिरकलो नव्हतो. माझ्या डोक्यात ती बैल आणि म्हशींची जागा. दाखवायला नेले तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो मनाचा नव्हता, लघवीचा होता: किती वेळा जाते, थेंब थेंब होते का, लालसर दिसते का? मनाचे दुखणे शेवटी धरायचे, त्याआधी शरीराचे दुखणे शोधायचे, असा त्यांचा क्रम होता. म्हाताऱ्या मांजराचा दुखरा दात, सांधे, मूत्रपिंड, थायरॉईड यांपैकी काहीही बिघडले तरी बाहेरून ते उदासच दिसते, आणि मांजर वेदना लपवण्यात पटाईत असते. कण्हण्याची अपेक्षा ठेवू नये. वेदनेत ते घुरघुरतेसुद्धा. मॉन्ट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली आहे. तिच्यात कान, डोळे किती मिटले आहेत ते, नाकाभोवतीचा ताण, मिशा आणि डोक्याची पातळी एवढ्याच पाच गोष्टी पाहायच्या असतात. ठकीचे बाहेरच्या बाजूला वळलेले कान आणि ताठ सरळ मिशा मी महिनाभर रुसवा म्हणून वाचत होतो.

तपासणीत लघवीत रक्त आढळले, जंतू नव्हते, सोनोग्राफीत खडाही दिसला नाही. मानसिक ताणामुळे मूत्राशयाला सूज येण्याचा एक विकार मांजरांत बऱ्यापैकी आढळतो. ठकीला तोच होता. मूत्राशय दुखते म्हणून त्यावरचे पोट ती चाटत होती, आणि तिच्या लघवीसाठी ठेवलेल्या ज्या घमेल्यात आग झाली ते घमेले टाळून मऊ गोधडी शोधत होती. म्हणजे आईचेही खरे होते आणि डॉक्टरांचेही. इथे एक गोष्ट ठासून सांगतो: बोका वारंवार बसतो आणि लघवी येत नाही असे दिसले, तर सकाळची वाट पाहू नये, मार्ग तुंबून दीड-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तसेच मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, दोन-तीन दिवस अन्न टाकले, तर यकृतात चरबी साठू लागते. ‘भूक लागली की खाईल’ हा न्याय त्याला लागू नाही.

औषध पाच दिवसांचे होते, ते वेदना कमी करण्याचे. बाकीचा इलाज घरातच करायचा होता. वॉशिंग मशीनशेजारी ठेवलेले घमेले तिथून हलवले, दुसरे एक वाढवले आणि त्यात मांजराच्या घमेल्यासाठी बाजारात मिळणाऱ्या खड्यांऐवजी बारीक वाळू घातली. पाणी जेवणाच्या ताटलीपासून दूर, तीन ठिकाणी ठेवले; मांजर मुळातच पाणी कमी पिते, म्हणून कोरडे खाद्य कमी करून ओले वाढवले. पहिल्या दिवशीच जे करायला हवे होते ते आता केले, म्हणजे मागची एक खोली तिची म्हणून राखून ठेवली आणि कपाटावर चढायला फळ्या ठोकल्या, कारण माळवदावरून गल्लीवर नजर ठेवणाऱ्या जिवाला चढून बसायला उंच जागा नसलेले घर म्हणजे घरच नव्हे. गावाहून न धुतलेले पोतेरे आणि आईची जुनी बाज आणवली. बायकोला बाज दिवाणखान्यात नको होती. अजूनही नको आहे.

गावच्या घरात ओसरीच्या सागवानी खांबावर, जमिनीपासून वीतभर उंचीला, एक तेलकट काळपट डाग होता. ठकी येता-जाता तिथे गाल घासायची. मांजराच्या गालात गंधग्रंथी असतात आणि जिथे त्याला निर्धास्त वाटते तिथे ते हा वास लावून ठेवते, हे मला डॉक्टरांनी सांगितले. नऊ वर्षे मी त्याला नुसता मळ समजत होतो. श्रावणात एकदा बायको मागच्या खोलीच्या चौकटीचा पांढरा रंग ओल्या फडक्याने पुसत होती. खाली, वीतभर उंचीला, फिकट तपकिरी रेघ उमटली होती. आईने बाजेवरूनच तिला थांबवले, "राहू दे गं तेवढं."