न्हाणीतले गरम पाणी: आम्ही हीट पंप का निवडला

फोंडा तालुक्यातील आमच्या घरात अंघोळीचे पाणी अगदी अलीकडेपर्यंत तांब्याच्या भाणात तापत असे. नारळाची सोडणे आणि वाळलेली चुडते हे घरचेच जळण असल्याने त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटत नव्हते. परंतु आईचा खोकला वाढला आणि डॉक्टरांनी धूर टाळायला सांगितले, तेव्हा दुसरी सोय शोधणे भाग पडले. गोव्यात घर उबदार ठेवण्याचा प्रश्न येत नाही. घरात उष्णता लागते ती एवढ्यापुरतीच.

मी आधी हिशेब मांडला. पाच माणसांसाठी 150 लिटर पाणी 26 अंशांवरून 42 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 2.8 युनिट ऊर्जा लागते, आणि साध्या गीझरमध्ये ती सगळी विजेतूनच घ्यावी लागते.

मनातून मला सौरबंबच हवा होता. समोरचे छप्पर कौलारू असल्यामुळे तो मागच्या स्लॅबवर बसवावा लागणार होता, म्हणून डिसेंबरात पंधरा दिवस मी तिथल्या सावलीची तासातासाने नोंद ठेवली. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य भर दुपारीही दक्षिणेकडे सुमारे 51 अंशांपर्यंतच चढतो आणि दक्षिणेच्या दोन माडांमुळे स्लॅबवर अकरापर्यंत ऊन येत नव्हते. बसवणाऱ्याने माड काढायला सुचवले. आई एवढेच म्हणाली, "अरे, ते तुझ्या बाबांनी लावलेले." माझ्याही मनाला ते पटण्यासारखे नव्हते. शिवाय जून ते सप्टेंबर या काळात, म्हणजे गरम पाणी सर्वांत हवेसे वाटते तेव्हाच, सौरबंबाला बरेच दिवस आतल्या विजेच्या कॉइलवरच चालावे लागले असते.

हीट पंप वीज जाळून उष्णता निर्माण करत नाही. तो फ्रिजच्या उलट रीतीने बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो. आपली हवा रात्रीही उबदार आणि दमट असते, त्यामुळे एका युनिट विजेत तो साधारण तीन युनिटांची उष्णता देऊ शकतो. किंमत गीझरच्या कित्येक पट होती, तरी आम्ही 200 लिटरचा घेतला. त्यातील आर-134ए हा वायू गळला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ करतो. म्हणून दुरुस्तीच्या वेळी तो हवेत न सोडता काढून घेतला जाईल, असे मी विक्रेत्याकडून लेखी घेतले. ही अट प्रत्येक ग्राहकाने घालावी, असे मला मनापासून वाटते.

कामगारांनी यंत्र अडगळीच्या बंद खोलीत बसवले आणि मीही हरकत घेतली नाही. स्वतंत्र मीटरवर रोज 1.6 युनिट दिसू लागले. खोलीत शिरताच गारठा जाणवला, तेव्हा कारण कळले: यंत्र स्वतःच सोडलेली थंड हवा पुन्हा ओढत होते. ते मागच्या उघड्या पडवीत हलवल्यावर वापर एका युनिटाच्या आसपास आला. आता टायमर दुपारी, हवा सर्वांत तापलेली असताना, ते सुरू करतो आणि जाड आवरणाच्या टाकीत पाणी पहाटेपर्यंत पुरेसे गरम राहते.

भाण आम्ही मोडीत दिलेले नाही. पावसात वीज बराच वेळ गेली तर, आणि नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला, ते अजून पेटते. तेवढा वेळ आई पुढच्या ओसरीवर बसते.