राजीनामा दिला, पण तारीख मिळेना

चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या क्वालिटी विभागात मी सात वर्षं होतो. आईवडील नाशिकला, त्यात सातपूरला चांगली नोकरी मिळाली, म्हणून ही सोडायची ठरवली. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आणि नवी कंपनी थांबणार दोनच महिने. म्हणजे सोडून चाललोय हे सांगायचं आणि वर महिनाभर लवकर सोडा अशी गळही घालायची.

राजीनामा द्यायला काहीच त्रास झाला नाही. सकाळी केबिनमध्ये जाऊन साहेबांना तोंडी सांगितलं आणि संध्याकाळी मेल टाकला. राजीनामा देतोय हे पहिल्याच ओळीत आणि कारण एका वाक्यात. पगार, बढती, कोण कसं वागलं, यातलं अक्षरही नाही. साहेब म्हणाले, "तू गेलास की अडचण होणार रे. पण ठीक आहे, घरचं आधी. तारखेचं बघू."

तारखेचंच घोडं अडलं. पोर्टलवर माझा अर्ज ‘मॅनेजरकडे प्रलंबित’. एचआरच्या मॅडमना विचारलं तर, "सरांनी अप्रूव्ह केलं की माझ्याकडून लगेच होईल." साहेबांना विचारलं तर, "एचआरशी बोलून घेतो." नुसती टोलवाटोलवी. आठवणीचे मेल पाठवले, त्यांना उत्तर नाही. कॅन्टीनमध्ये साहेब हसून बोलायचे, पण तारखेचा विषय निघाला की फोन कानाला. तिकडे नव्या कंपनीतून विचारणा सुरू, जॉइनिंग कधी? घरी वडील विचारायचे, खोली कधी सोडतोस? कुणालाच धड सांगता येईना.

याचा राग मला आजही आहे. नियुक्तिपत्रात तीन महिने लिहिलेले होते, त्यामुळे नकार द्यायचा त्यांना पूर्ण हक्क होता. नकार मिळाला असता तर मी नव्या कंपनीला तसं कळवून मोकळा झालो असतो. पण हो नाही आणि नाहीही नाही, असं माणसाला टांगून ठेवणं हा निव्वळ अन्याय आहे. हाताखालच्या माणसाचे मेल रोज वाचणाऱ्या प्रत्येक साहेबाला हे मी तोंडावर सांगेन.

मग मी साहेबांच्या बाजूने विचार केला. सप्टेंबरच्या मध्यावर आयएटीएफचं, म्हणजे वाहन उद्योगाच्या दर्जा-मानकाचं, ऑडिट होतं आणि एका नव्या पार्टचं पीपॅप, म्हणजे ग्राहकाच्या मंजुरीसाठीची कागदपत्रं, अर्धवट होतं. त्यांना धास्ती त्याचीच होती. ती दूर होईल असा मेल लिहिला. मूळ इंग्रजीत होता, मजकूर साधारण असा:

"साहेब, माझा शेवटचा दिवस ३१ ऑगस्ट धरावा, ही विनंती. पीपॅपची फाइल आणि ऑडिटची कागदपत्रं २० ऑगस्टपर्यंत पूर्ण करून देतो. गेज कॅलिब्रेशन आणि ग्राहकांच्या चालू तक्रारी कुणाकडे द्यायच्या हे सोबतच्या तक्त्यात आहे, त्या दोघांशी बोलणं झालं आहे. नोटिशीच्या उरलेल्या दिवसांत शिल्लक रजा वळती करावी, बाकीच्या दिवसांचे पैसे नियुक्तिपत्राप्रमाणे भरायला मी तयार आहे. शुक्रवारी मला नव्या कंपनीला उत्तर द्यायचं आहे, तोपर्यंत होकार किंवा नकार कळवावा."

सीसीत फक्त एचआरच्या मॅडम. साहेबांच्या वरच्यांना मुद्दाम घेतलं नाही, कारण ते तक्रार केल्यासारखं दिसतं आणि माणूस हट्टाला पेटतो. गुरुवारी दुपारी उत्तर आलं: "ओके, ३१ ऑगस्ट. हँडओव्हर पूर्ण हवा." तो मेल वाचून इतकं हायसं वाटलं की मी शॉप फ्लोअरवरूनच आईला फोन लावला. आणि हँडओव्हर १९ तारखेलाच पूर्ण करून दिला, याचा मला अभिमान आहे.

पैसे भरायची तयारी दाखवण्याआधी नियुक्तिपत्र नीट वाचा. कपात मूळ पगारावर होणार की एकूण पगारावर, यात बराच फरक पडतो. साहेब तोंडी काही कबूल झाले तर त्याच संध्याकाळी ‘आज बोलणं झाल्याप्रमाणे’ असा दोन ओळींचा मेल टाकून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त ‘मेल टाकलाय, बघाल का’ एवढंच. आणि हो, राजीनामा आणि त्यावरचं उत्तर यांची प्रत स्वतःजवळ असू द्या, कंपनीचा मेल शेवटच्या दिवशी बंद होतो.

ग्रॅच्युइटीसाठीही असाच रोखठोक मेल लिहिला. मी सोडलं तेव्हा १९७२ चा कायदा लागू होता: पाच वर्षं पूर्ण झालेली असली की शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं, आणि रक्कम ३० दिवसांत द्यायची. हिशोब मेलमध्येच मांडला, खाली तारीख लिहिली. पैसे मुदतीत आले. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख मात्र कंपनीने भरलीच नाही. त्यासाठी कुणाला मेल लिहीत बसलो नाही. शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिने गेले की यूएएनने (पीएफच्या कायम खाते क्रमांकाने) लॉगिन करून ती आपली आपल्याला भरता येते. मी भरून टाकली.