स्वस्तातला ब्रायर पाइप कसा पारखला: माझा अनुभव

तंबाखू ओढायचा स्वस्त पाइप घेताना लाकडाच्या रेषा बघत बसू नये, भोक बघावं. हे मी ठामपणे सांगतो, कारण माझी उमेदीची वर्षं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, तपासणीच्या टेबलावर गेली आहेत. डिझेल इंजिनाचे ओतीव भाग यायचे, त्यांत ब्लो होल, म्हणजे ओतताना हवा अडकून राहिलेले खड्डे, असायचेच. जिथे दुसरा भाग बसत नाही अशा बाहेरच्या अंगाला बारीकसं ब्लो होल असेल, तर लांबी (पुट्टी) भरून, रंग मारून जॉब पास व्हायचा. तेच बोअरच्या, म्हणजे पिस्टन चालतो त्या भोकाच्या, आत सापडलं की जॉब थेट भंगारात. आमचे मिस्त्री नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचे, “रंग काय बघतोयस, बोअर बघ.” अमेरिकेत सेंट लुईसला आल्यावर पाइप घ्यायचं ठरवलं, तेव्हा हीच नजर कामाला आली.

एक गोष्ट आधी. धूर छातीत ओढला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच, आणि पाइप कितीही चांगला बांधलेला असला तरी तो धोका कमी होत नाही. मी क्वचित ओढतो. ज्याला सवय नाही त्याने लावून घेऊ नये, असंच माझं मत आहे. पण जो घेणारच आहे त्याने निदान नीट वस्तू घ्यावी.

स्वस्त आणि महाग पाइपांत फरक कशाचा, हे आधी समजून घेतलं. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या आसपास वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया नावाच्या झुडपाची मुळाजवळची गाठ. ती जमिनीत वाढते, त्यामुळे वाढता वाढता पोटात वाळू, खडे घेते आणि आत पोकळ्या राहतात. गाठ कापून तासन्‌तास उकळतात, मग महिनोन्‌महिने वाळवतात. तरीही आत काय आहे ते लेथवर कातेपर्यंत कुणालाच कळत नाही. फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातल्या सां-क्लोद गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हा धंदा उभा राहिला. तिथे असो की आणखी कुठे, कारागिरासमोरचा प्रश्न तोच. कातल्यावर एकही खड्डा निघाला नाही तर तो तुकडा महाग विकला जातो. खड्डे निघाले तर लांबी भरून गडद रंग देतात, किंवा वरून खरबरीत कोरतात, आणि पाइप स्वस्तात जातो. म्हणजे जादा पैशांतला मोठा हिस्सा दिसण्याचा असतो. लांबी भरलेला पाइपही उत्तम ओढला जाऊ शकतो, फक्त त्याची भोकं जागच्या जागी पडलेली हवीत. स्वस्त मालात ती भराभर पाडलेली असतात आणि प्रत्येक नग तपासायला कुणाला वेळ नसतो. ती तपासणी आपणच करायची.

इथल्या दुकानांत गल्ल्याजवळ टोपलीत नाव-शिक्का नसलेले पाइप ठेवलेले असतात, त्यांना बास्केट पाइप म्हणतात. मी गेलो त्या दुकानात ते पन्नास डॉलरच्या आत होते. मी सोबत पाइप क्लिनरचं, म्हणजे पाइप आतून पुसायच्या लवदार तारांचं, पाकीट आणि छोटी स्टीलची पट्टी घेतली होती, मोबाइलचा टॉर्च होताच. दुकानदार वयस्कर होते. “स्टेम (तोंडात धरायची नळी) काढून बघू का?” असं विचारलं, तर म्हणाले, “जरूर बघा, पण सरळ ओढू नका, फिरवत काढा.” हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आणि पाइप गरम असताना तर स्टेम काढूच नये, स्टेम ज्यात बसतो त्या लाकडी दांडीला तडा जाण्याची भीती असते.

पहिल्यांदा बघितली वाटीतल्या, म्हणजे तंबाखू भरतात त्या खोलगट भागातल्या, भोकाची जागा. धुराचं भोक वाटीच्या अगदी तळाशी आणि मधोमध उघडायला हवं. टॉर्च वाटीत धरला की स्पष्ट दिसतं. टोपलीतल्या एका सरळ पाइपच्या रेषा फार देखण्या होत्या, हातातून ठेववत नव्हता; पण त्याचं भोक तळापासून चांगलं तीन मिलिमीटर वर होतं. अशा पाइपात भोकाच्या खालचा तंबाखू पुरता जळत नाही, ओला लगदा होऊन तळाशी बसतो. दुसऱ्या एकाचं भोक इतकं खाली गेलं होतं की ड्रिलने तळात चर पाडला होता. तिथे लाकूड पातळ, आणि सगळ्यात जास्त उष्णता तिथेच. दोन्ही बाजूला ठेवले.

मग तळाची जाडी. क्लिनर वाटीत तळापर्यंत टेकवायचा, काठापाशी चिमटीत धरायचा आणि तसाच बाहेरून लावून बघायचा. खाली किती लाकूड उरलं ते लगेच कळतं. काठावरून बघून भिंतीची जाडी चारही अंगांनी सारखी आहे का तेही पाहिलं. वाटी एका बाजूला सरकलेली असेल तर पातळ बाजू बोटाला चटका देते आणि पुढे जळून भोकही पडू शकतं.

वाटीच्या आतल्या भिंतीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. माझ्या मते खरा बोअर हाच. बाहेर लांबी भरली असेल तर फार तर डाग दिसेल. आत खड्डा असेल तर निखारा तिथूनच लाकडात शिरतो. पुष्कळ पाइपांना आतून काळा लेप दिलेला असतो. त्यात वाईट काही नाही, नव्या लाकडाला सुरुवातीला तो आधारच देतो, पण खालचं लाकूड दिसत नाही. म्हणून टॉर्च तिरका धरून सावली कुठे पडते ते बघितलं आणि करंगळी आतून फिरवली. जिथे बोट अडखळलं तो पाइप परत टोपलीत.

उरलेल्यांत सांधा तपासला. स्टेमच्या पुढच्या टोकाला जो बारीक गोल भाग असतो, त्याला टेनन म्हणतात. तो दांडीच्या खोबणीत घट्ट पण सहज फिरत बसला पाहिजे, आणि बसल्यावर दांडी व स्टेम यांच्यात नख अडकता कामा नये. नख अडकलं तर ते दिसतं तरी. आतली फट दिसत नाही, आणि जास्त त्रास तीच देते. टेनन आखूड आणि खोबण खोल असेल तर मध्ये पोकळी राहते. गरम धूर तिथे थंड होतो, ओल साचते आणि ओढताना गुळगुळ आवाज येतो. मोजायची रीत सोपी आहे. क्लिनर दुहेरी मुडपून खोबणीत घालायचा. जाड टोक आतल्या अरुंद वाटेत जात नाही, खोबणीच्या तळाशी अडतं. ती खोली आणि टेननची लांबी पट्टीवर ताडून बघायची. दोन-तीन पाइपांत बराच फरक निघाला. दुकानदार बघत होते, म्हणाले, “एवढं कुणी मोजत नाही.” मी म्हटलं, “आमच्याकडे मोजल्याशिवाय सही करत नाहीत.”

शेवटी स्टेम लावून तोंडाच्या बाजूने क्लिनर सोडला. सांध्यापाशी न अडता तो थेट वाटीत यायला हवा. फार वाकड्या पाइपांत चांगल्या बांधणीतही तो अडू शकतो, म्हणून मी जवळजवळ सरळच आकार निवडला.

पास झालेला पाइप टोपलीतला सगळ्यात साधा होता. गडद तपकिरी, आणि बाहेर अंगठा टेकतो तिथे लांबीचे दोन ठिपके. लाकूड वापराने काळसर होत गेलं तसे ते जास्त उठून दिसू लागले, कारण लांबी रंग धरत नाही. पण भोक तळाशी, मधोमध, आतली भिंत स्वच्छ, फट नाहीशीच. घरी आल्यावर पहिल्या काही वेळा वाटी अर्धीच भरली आणि सावकाश ओढला. तळाशी कोरडी करडी राख मिळाली, ओला लगदा नाही, गुळगुळ नाही. आता आत कोळशाचा पातळ थर धरला आहे. तो मिलिमीटरभरच ठेवतो, कारण जाड झाला तर तापून फुगतो आणि वाटीला तडा देऊ शकतो.

टोपलीत एकही पाइप पास झाला नाही तर रडका ब्रायर घेऊ नये, मक्याच्या बुरकुंड्याचा पाइप घ्यावा. सेंट लुईसच्या पश्चिमेला मिसुरी नदीकाठी वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. तिथे हेन्री टिब्बे या डच कातारी कारागिराने 1869 मध्ये असे पाइप विकायला सुरुवात केली आणि बुरकुंड्याला बाहेरून प्लास्टर भरून घोटायच्या रीतीचं पेटंट 1878 मध्ये मिळवलं. त्याची मिसुरी मीअरशॉम कंपनी आजही तिथेच चालू आहे. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सेनापती जनरल मॅकआर्थर यांच्या तोंडातला प्रसिद्ध पाइप बुरकुंड्याचाच. ब्रायरच्या मानाने तो फारच स्वस्त पडतो, हलका असतो आणि पहिल्या दिवसापासून कोरडा ओढला जातो. त्याचीही तपासणी तीच. लाकडी दांडी वाटीत किती आत आली आहे आणि भोक तळाला किती धरून आहे, तेवढं बघावं.

माझ्या पाइपात रिवर्कचं, म्हणजे घेतल्यावर दुरुस्त करायचं, एकच काम निघालं. स्टेम एबोनाइटचा, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचा. तो उन्हात ठेवला की हिरवट पडतो, पण दातांना ॲक्रिलिकपेक्षा मऊ लागतो आणि कानशीने सहज घासलाही जातो. दातात धरायची कड व्हर्नियरवर पाच मिलिमीटरच्या वर भरली, त्यामुळे जबडा दुखायचा. बारीक कानशीने दोन्ही अंगांनी सारखं सारखं उतरवलं, मधून मधून क्लिनर घालून आतली वाट शाबूत आहे ना ते बघितलं, मग पाणी लावून 400 पासून 2000 नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर फिरवले. पाणी लावायचंच, कोरडं घासलं तर गंधक असलेल्या रबराची भुकटी नाकात जाते. धुराच्या फटीच्या धारदार कडाही गोल केल्या. आता ती कड चार मिलिमीटरच्या जवळ आहे, आणि पाइप दातात धरून दोन्ही हातांनी काम करता येतं.