दुपट्याचा तुकडा

आज बालवाडीचा पंधरावा दिवस. पहिल्या आठवड्यात दाराची कडी धरून "आई पाहिजे" म्हणत रडणारं एक पिल्लू आज स्वतःहून आत आलं. चपला ओळीत ठेवल्या, उलट्यासुलट्या का होईना. मुठीत घरच्या दुपट्याचा तुकडा मात्र घट्ट. तो मी कधीच मागितला नाही.

मग मणी ओवायला बसलं. जीभ दातांत, नजर दोरीच्या टोकावर. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तो तुकडा त्यानं अलगद माझ्या मांडीवर ठेवला. मला भरूनच आलं.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डी गावात काम सुरू केलं, तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेली. मुलाला ओळखीचं काहीतरी सोबत लागतंच.

पालकांनो, नजर चुकवून निघून जाऊ नका. सांगून जा आणि सांगितल्या वेळेला या. तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. गाणी, खाऊ, गोष्ट हा रोजचा क्रमच त्याचं घड्याळ.

डबा खाताना शेजारी एक नवी मुलगी मुसमुसत होती. हे पिल्लू तिला म्हणालं, "रडू नको, गोष्ट झाली की आई येते."