सात दिवसांचा पास आणि अख्खा रविवार

आज दिवसभर जेवणाच्या टेबलावर युरोप पसरलेला होता. युरेलचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या रेल्वेत चालणारा पास घ्यायचा ठरतोय, महिन्यातले कुठलेही ७ दिवस चालणारा. आपल्या लोकलच्या पासासारखं काढलं की बसलं, असं वाटलेलं. कसलं काय! फ्रान्सच्या टीजीव्ही या अतिवेगवान गाडीला आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे. जर्मनी-ऑस्ट्रियात मात्र बहुतेक दिवसाच्या गाड्यांत सरळ चढा आणि रिकामी जागा बघून बसा. झालं, पॅरिस-मिलान रद्द, म्युनिक-साल्झबुर्ग-व्हिएन्ना पक्कं!

मग नवऱ्याला रात्रीच्या गाडीचा शोध लागला. संध्याकाळी व्हिएन्नात चढून सकाळी व्हेनिसला उतरलं, मध्ये गाडी बदलली नाही, तर पासाचा एकच दिवस मोजतात, निघाल्याचा. वर हॉटेलची एक रात्र वाचते. बर्थचे पैसे वेगळे, ते मी सांगितल्यावर जरा पडलाच चेहरा.

लहान टप्प्यांना पासाचा दिवस जाळायचा नाही, साधं तिकीट काढायचं, हे शहाणपण चौथ्या चहानंतर सुचलं. लेक बारा वर्षांच्या आतली, तिचा पास फुकट. तेवढ्यावर ती स्वतःला सहलीची प्रायोजक समजतेय.

व्हिसाची फाईल अजून उघडलेली नाही.